नकाशातून कापलेली वस्ती

सध्या कॅफेत, आर्किटेक्टच्या ऑफिसात, टॉवरमधल्या हॉलमध्ये एक वस्तू हमखास दिसते: हाताने कागद कापून केलेला मुंबईचा नकाशा. रस्ते तेवढे ठेवायचे आणि त्यांच्यामधली जमीन ब्लेडने कापून काढायची. उरते ती जाळी दोन काचांत बसवून भिंतीपासून जरा पुढे टांगली की मागे सावली पडते. दिसायला सुंदर. मेहनतही खरी. माझा प्रश्न कापून खाली पडलेल्या तुकड्यांबद्दल आहे.

या कामाचा नियम साधा आहे. जे रस्त्याला जोडलेले नाही, ते गळून पडते. आता अशा नकाशात धारावी शोधा. नाईन्टी फीट रोड दिसेल, सिक्स्टी फीट रोड दिसेल, आणि मध्ये मोठमोठी भोके. दोन चौरस किलोमीटरहून मोठी, लाखो माणसांची वस्ती आणि तिच्या जागी भोक! शेजारी माटुंग्याच्या, दादरच्या हिंदू कॉलनीच्या गल्ल्या मात्र एकेक करून कापलेल्या.

यावर उत्तर ठरलेले असते: "अहो, बोळ इतके अरुंद, ब्लेडने कापणार कसे?" हिशेबच करू. नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २०० मीटर धरा. पाच फुटी बोळ मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून बारीक होतो. तो कापता येणार नाही, कबूल. पण याच मापाने कॉलनीतला दहा मीटरचा रस्ता अर्धा मिलिमीटरच भरतो. तोही टिकत नाही, म्हणून कलाकार तो सरळ एक मिलिमीटरचा करतो. म्हणजे दहा मीटरचा रस्ता वीस मीटरचा झाला! कॉलनीसाठी माप वाकते आणि वस्तीची वेळ आली की तेच माप शास्त्र होते. कोणाचा रस्ता जाड करायचा हे ब्लेड ठरवत नाही, माणूस ठरवतो.

"प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता?" आम्ही आणत नाही, ती आधीच तिथे बसलेली असते. गावकुसाबाहेरचा महारवाडा कोणी बसवला? डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, चांगलेच झाले. नाव बदलले, वस्तीची जागा बदलली का?

आणखी एक गोष्ट मला खटकते. कागदावर ब्लेड चालवणारा हात कलाकाराचा, मग धारावीत चामड्यावर रापी चालवणारा हात कोणाचा? नजर तीच, मनगट तेच, चुकले तर माल वाया जाण्याची भीतीही तीच. एकाची फ्रेम होते, दुसऱ्याची जात विचारली जाते. जातीत कामांची नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी होते हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते.

आपल्यातलेही काही म्हणतील, पोटाचे प्रश्न असताना हे कागद कापणे कशाला? मित्रांनो, घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर आठवा. ११ जुलै १९९७ ला पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर गोळीबार झाला, दहा जण गेले. शेजारचा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे प्रत्येक नकाशात ठळक आहे. पण ज्या गल्ल्यांतून ती माणसे बाहेर आली, त्या कुठल्या फ्रेममध्ये आहेत? आता तिथे पुनर्विकास हाती घेतला आहे. वरळी, नायगावच्या बीडीडी चाळींचेही तेच. पक्की घरे हवीतच, तो आपला हक्क आहे. पण टॉवर उभा राहिला की गल्ली कुठे होती हे सांगणारा कागदसुद्धा आपल्याकडे नसावा? कागदी नकाशा काही पात्रतेचा पुरावा होणार नाही, त्या भ्रमात राहू नका. पण आपली वस्ती "मोकळी जमीन" होती असे उद्या कोणी म्हणाले, तर बोट ठेवायला जागा राहील.

जयंतीला रात्र रात्र जागून पताका कापणारी पोरे आपल्याकडे आहेत. डीजेच्या वर्गणीतले थोडे पैसे बाजूला काढा. शहराचे माप सोडा, वस्तीचे माप घ्या: १ सेंटिमीटरला १० मीटर. मग पाच फुटी बोळ दीड मिलिमीटरचा होतो आणि आरामात कापता येतो. अर्धा किलोमीटर लांबीची वस्ती ५० सेंटिमीटरमध्ये बसते. ऑनलाइन नकाशावर भरवसा ठेवू नका, बरेच बोळ त्यात नसतातच. टेप घेऊन स्वतः फिरा. नळ कुठे होता, विहार आधी कुठे होते, हे जुन्या आयाबायांना विचारा. जाड कार्डशीट घ्या, आतले बारीक तुकडे आधी कापा, बाहेरची कड शेवटी. ब्लेड कागद ओढू लागले की लगेच बदला. मागे निळा कागद लावा आणि घरांच्या जागी जी भोके पडली, त्यांतून दिसणाऱ्या निळ्यावर एकेका घराचे नाव लिहा. विहारात, अभ्यासिकेत लावा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर मांडा.

जय भीम.