थांबवायचं कधी?

मागच्या महिन्यात वारज्यात काका आयसीयूत होते. व्हेंटिलेटरवर पाचव्या दिवशी न्यूमोनिया झाला. आम्ही सगळे डॉक्टरांच्या मागे, "स्ट्राँग अँटिबायोटिक आत्ताच द्या!" बीपी कोसळत असेल तर घाई बरोबरच. पण कल्चरचा नमुना आधी जायला हवा. लॉग न बघता सर्व्हर रीस्टार्ट केला की पुढे कळतच नाही काय बिघडलं होतं. (मीही करतो. असो.)

थांबवायचं कधी, हे मात्र आम्ही कुणीच विचारलं नाही. माझ्या मते तोच प्रश्न नातेवाइकांनी विचारायला हवा. २००३ साली फ्रान्समधल्या ५१ आयसीयूंतल्या ४०१ पेशंट्सचा अभ्यास आला. ८ दिवसांच्या कोर्सने १५ दिवसांपेक्षा मृत्यू वाढले नाहीत. स्युडोमोनाससारख्या जंतूंत मात्र आजार जास्त उलटला. २०१६ च्या अमेरिकन गाइडलाइन्स साधारण ७ दिवस सांगतात.

सातव्या दिवशी डॉक्टरांनी औषध बंद केलं, तर काकू भडकली, "पैसे भरतोय ना आपण?"