सड्याची किंमत आणि पदवीचा खर्च

पेडणे किंवा डिचोली तालुक्यातील एखाद्या बेताच्या उत्पन्नाच्या घरात, बारावीचा निकाल हाती आलेल्या मुलीने ‘मला पुढे लँडस्केप आर्किटेक्चर शिकायचे आहे’ असे म्हटले, की घरच्या वडीलधाऱ्यांकडून जे तीन आक्षेप निघतात, ते इतके व्यवहारी आणि इतक्या सद्‌भावनेने घेतलेले असतात, की त्यांची अज्ञान म्हणून संभावना करणे अन्यायाचे होईल. पहिला आक्षेप असा, की झाडे लावणे हे माळ्याचे काम आहे; आमच्या पूर्वजांनी कोणतीही पदवी न घेता कुळागरे वसविली आणि खाजनांचे बांध घातले. दुसरा असा, की ही विद्या पंचतारांकित हॉटेलांच्या हिरवळीपुरती आहे, गावाला तिचा काडीचा उपयोग नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा. आणि तो शेवटी उच्चारला जात असला तरी मनात पहिला असतो.

हा तिसरा आक्षेप त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडणे हे प्रतिपक्षाविषयीचे आपले कर्तव्य होय. पाच वर्षांची वास्तुशास्त्राची पदवी आणि तिच्यावर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण, असा या विद्येचा आपल्याकडील रूढ मार्ग असल्यामुळे, अठराव्या वर्षी शिकू लागलेले मूल पंचविशीपर्यंत मिळवते होत नाही. पणजीच्या आल्तिन्यो टेकडीवरील सरकारी वास्तुशास्त्र महाविद्यालयात पहिला टप्पा पार पडला, तरी दुसऱ्यासाठी बहुधा पुणे, अहमदाबाद किंवा दिल्ली गाठावी लागते. मग शिक्षणशुल्काच्या जोडीला खोलीचे भाडे, खाणावळ, संगणक, नकाशांच्या छपाया, प्रतिकृतींचे साहित्य आणि अभ्यासदौरे यांचा खर्चवेच महिन्यामागून महिने चालू राहतो, आणि पदवी हाती पडते तेव्हा बँकेच्या कर्जाचा हप्ता दाराशी उभा असतो. तेवढ्यावर भागत नाही. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ या बिरुदास संरक्षण दिले. पण भूदृश्यरचनाकारांसाठी वेगळी नोंदवही आजतागायत उघडलेली नाही. तेव्हा बाप कचरतो यात त्याचा दोष काय?

आता उत्तरपक्ष. पहिल्या आक्षेपाच्या मुळाशी या विद्येच्या स्वरूपाविषयीचाच गैरसमज आहे. फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट वॉक्स यांनी १८५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला तेव्हा, किंवा १९०० साली हार्वर्ड विद्यापीठाने या विषयाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला तेव्हाही, फुलांचे ताटवे हा तिचा एक अंशच होता. १९६९ साली इयान मॅकहार्ग यांनी ‘डिझाइन विथ नेचर’ या ग्रंथात खडक, पाणी, माती, वनस्पती आणि मानवी वस्ती यांचे नकाशे एकावर एक ठेवून कोणती जमीन कोणत्या कामास योग्य हे ठरविण्याची रीत सांगितली, आणि तेव्हापासून या शास्त्राचा पाया अधिक पक्का झाला. उतार कुठे आहे, पाणी कुठे मुरते आणि कुठे उगवते, माती किती भार आणि किती मुळे धरील, हे बांधकामाची पहिली कुदळ पडण्यापूर्वी सांगणे, हे या विद्येचे खरे काम.

हे काम पेडण्यात किती अगत्याचे आहे, ते सडाच सांगतो. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणारा जांभ्याचा सडा उन्हाळ्यात उजाड दिसतो, म्हणून दफ्तरात त्याची गणना पडीक जमिनीत होण्यास वेळ लागत नाही. परंतु त्याच्या सच्छिद्र दगडातून मुरलेले पाणी पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर येते, आणि त्या झरीच्या पाटावर माड, पोफळी, केळी, मिरी यांचे कुळागर पोसले जाते. मोपाच्या सड्यावरील विमानतळास २०१५ च्या ऑक्टोबरात पर्यावरणीय मंजुरी मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी अर्जातील माहितीच्या उणिवांवर बोट ठेवून ती स्थगित केली, १६ जानेवारी २०२० रोजी अधिक अटी घालून स्थगिती उठविली, आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्‌घाटन झाले. विमानतळ हवा होता की नको, हा वाद मी येथे उकरून काढीत नाही. माझे म्हणणे एवढेच, की झाडे, वने आणि सड्याची परिसंस्था यांचा जो विचार देशाच्या सर्वोच्च न्यायासनापुढे करावा लागला, तो करण्याची जागा आराखड्याच्या पहिल्या कागदावर होती.

पूर्वजांचा दाखला मात्र मला मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. खाऱ्या पाण्याला अडवून धरणारा बांध, भरती-ओहोटीनुसार उघडमीट होणारी मानस, आगरवाड्याची मिठागरे, ही अडाणी हातांची किमया नव्हती. गावकरीच्या वहिवाटीत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली ती एक शाळाच होती. तिच्यात शुल्क नव्हते, पण शिकण्याचा काळ सात वर्षांहून कितीतरी मोठा होता. खाणीच्या रोजगाराने आणि किनाऱ्यावरील धंद्याने त्या शाळेचे विद्यार्थी ओढून नेले. जी शाळा आपण ओस पडू दिली, तिच्या पुण्याईवर नव्या शाळेचे दार बंद करणे हा युक्तिवाद नव्हे. उलट, जो अभ्यासक्रम हिरवळ शिकवितो आणि मानस शिकवीत नाही, तो सुधारा असे म्हणण्याचा अधिकार गोमंतकीय विद्यार्थ्यालाच सर्वांत अधिक आहे.

ही श्रीमंतांची चैन आहे, या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर डिचोलीत जाऊन द्यावे. एक टन लोहखनिज काढण्यासाठी अडीच-तीन टन माती आणि दगड उपसून बाजूला टाकावे लागतात; पावसाळ्यात त्या ढिगांची तांबडी धूप भातशेतीत उतरते. लईराई देवीच्या शिरगावात खाणींचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले, विहिरी आणि झरी आटल्या, आणि गावकऱ्यांचे गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. ढिगांवर हिरवाई म्हणून ठिकठिकाणी ऑस्ट्रेलियन अकेशिया लावण्यात आला. दुरून डोंगर हिरवा दिसू लागला, पण त्याचे मूळचे रान परत आले नाही. खाणकामाचा आराखडा करणाऱ्याजवळ खनन अभियांत्रिकीची पदवी किंवा भूशास्त्राची पदव्युत्तर पदवी असावी, असे नियम सांगतात. म्हणजे डोंगर फोडण्यासाठी पदवी लागते, आणि फोडलेला डोंगर सावरण्यासाठी माळी पुरतो! शिरगावच्या ज्या बाईला पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिच्यासमोर या विद्येला चैन म्हणून दाखवावे.

राहिला खर्च. तो मोठा नाही असे मी म्हणणार नाही. तो चुकीच्या खात्यावर पडला आहे, असे माझे प्रतिपादन आहे. वैद्य किंवा वकील शिकला तर त्याचा मोबदला बव्हंशी त्याच्याच घरी येतो. भूदृश्यरचनाकाराने झरी वाचविली तर तिचे पाणी खालच्या साऱ्या वाड्याला मिळते, आणि त्याचे बिल कोणी देत नाही. लाभ गावाचा आणि कर्ज एका घराचे, अशी ही विषम जमाखर्चाची वही आहे. ती दुरुस्त करण्याची साधनेही हाताशी आहेत. २०१५ च्या दुरुस्तीने खनिज कायद्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद आली, आणि खाणबाधित प्रदेशातील शिक्षण हा त्या निधीच्या अग्रक्रमांतील विषय आहे. मोपाचा विमानतळ तर उत्पन्नाचा सुमारे ३७ टक्के वाटा राज्याला देण्याच्या बोलीवर दिला गेला. डिचोलीच्या विद्यार्थ्याचा खर्च पहिल्या निधीतून आणि पेडण्याच्या विद्यार्थ्याचा दुसऱ्या उत्पन्नातून भागविणे, ही मेहेरबानी नसून देणे फेडणे होय. शिष्यवृत्ती घेणाऱ्याने काही वर्षे नगरनियोजन खात्यात किंवा खाणींच्या पुनर्वसनात चाकरी करावी, असा करार खुशाल लिहून घ्यावा. मात्र त्यासाठी तशी पदे आधी निर्माण करावीत.

या पदांची निकड कोणी कल्पित समजू नये. २००७ च्या आरंभी लोकक्षोभामुळे प्रादेशिक आराखडा २०११ रद्द करावा लागला आणि नव्या आराखड्यासाठी कृतिदल नेमावे लागले. आराखडे कागदावर येतात, लोक रस्त्यावर येतात, आणि मग आराखडे मागे जातात. या येरझाऱ्यांचा खर्चही शेवटी प्रजेच्याच माथी पडतो. शिवाय डिचोलीतील खाणपट्ट्यांचे लिलाव २०२२ पासून होऊ लागले आहेत, तेव्हा सावरण्याचे काम पुढे वाढणार आहे.

म्हणून पेडण्या-डिचोलीच्या पालकांना विनंती अशी, की मुलीला नकार देण्यापूर्वी खर्चाचा कागद जरूर मांडावा, परंतु तो घरात ठेवू नये. तो ग्रामसभेत न्यावा, आमदारापुढे ठेवावा, आणि ज्यांनी आमच्या सड्यांतून आणि डोंगरांतून उत्पन्न घेतले त्यांच्या निधीतून हा खर्च का होत नाही, याचे उत्तर लेखी मागावे.