खोल्या रिकाम्या, रजिस्टर फुल्ल!

मित्रहो, सबमिशनच्या आठवड्यात लॅबच्या सर्व्हरवर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा संदेश आला की पहिला संशय कुणावर जातो? अर्थातच पिक्चर साठवणाऱ्या होस्टेलवाल्यांवर! लगेच नोटीस लागते, पिक्चर उडवले जातात, आणि तरीही प्रोजेक्टची चार ओळींची नवी फाइल काही सेव्ह होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की शिक्षा चुकीच्या माणसाला होते, कारण आपण मोजतोच चुकीची गोष्ट.

युनिक्समध्ये प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो. फाइलचा मालक, परवानग्या, आकार, तारखा आणि मजकूर डिस्कवर कुठे आहे याचा पत्ता, हे सगळं त्यात असतं. रेक्टरांचं रजिस्टरच म्हणा ना! रजिस्टरमधल्या ओळी संपल्या की खोल्या रिकाम्या असूनही नव्या मुलाला प्रवेश नाही.

लिनक्सच्या एक्स्ट-४ मध्ये हे रजिस्टर डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये दर १६ केबीमागे एक आयनोड, म्हणजे १०० जीबीला सुमारे ६५ लाख. आता एखादा प्रोग्रॅम एकेक केबीच्या फाइल्स पाडत सुटला, तर प्रत्येक फाइल ४ केबीचा एक ब्लॉक अडवते. ६५ लाख फाइल्स झाल्या तरी जागा भरते जेमतेम २५ जीबी, आणि आयनोड मात्र खल्लास! उलट ७०० एमबीचा पिक्चर एकच आयनोड खातो.

गंमत म्हणजे दोन्ही दुखण्यांचा संदेश एकच. 'डीएफ -एच' केलं तर डिस्क रिकामी दिसते; 'डीएफ -आय' केलं की खरा आजार कळतो. मग 'डीयू --आयनोड्स' वापरून गर्दी कुठल्या डिरेक्टरीत आहे ते शोधायचं. जुनी सेशन्स, कॅश, अडकलेली मेल, नाहीतर प्रोजेक्टमधली 'नोड मॉड्यूल्स', चोर सहसा इथेच सापडतो. एवढ्या फाइल्सवर 'आरएम *' चालत नाही, यादीच फार लांब होते. तिथे 'फाइंड' ला '-डिलीट' जोडून काम होतं. पण आधी नुसती यादी काढून बघा. कुणाचं वर्षभराचं काम त्यात असायचं!

कुणी म्हणेल, एक्सएफएस वापरा, तिथे आयनोड लागतील तसे तयार होतात. मान्य! पण चालू सर्व्हर बदलायचा तर सगळा डेटा हलवून पुन्हा फॉरमॅट करावं लागतं. ते सबमिशनच्या तोंडावर कोण करणार?

त्यापेक्षा सोपा उपाय हाताशी आहे. लिनक्सच्या कोटामध्ये जागेइतकीच फाइल्सच्या संख्येवरही मर्यादा घालता येते. आमच्या लॅबमध्ये फक्त जागेची मर्यादा आहे. दुसरीही लावा, म्हणजे एकाच्या बेफाम प्रोग्रॅमपायी साठ जणांचं सबमिशन अडणार नाही. आणि सर, नोटीस लावायच्या आधी दोन्ही आकडे बघून ते नोटीसवरच लिहा. आरोप करायचा तर पुराव्यानिशी!

आपल्यालाही सूट नाही हं. ज्याचा प्रोग्रॅम तात्पुरत्या फाइल्स तयार करतो, त्यानेच त्या पुसाव्यात. मेसमध्ये आपलं ताट आपण उचलतो, तसंच हे.