झूमचा आकडा आणि परभणीचं ऊन

दिवाळी जवळ आली की ऑफिसमधलं कुणीतरी माझ्या डेस्कपाशी येतं. "अरे, ट्रिपला जातोय, कुठला कॅमेरा घेऊ? खिशात मावणारा हवा, पण झूम दणदणीत पाहिजे." लगेच शेजारच्या क्युबिकलमधून आवाज येतो, "कॅमेरा कशाला? फोन आहे ना!"

माझं या दोघांशीही भांडण आहे. पहिल्याशी थोडं, दुसऱ्याशी जास्त. शनिवार आहे, वेळ आहे, तेव्हा आज भांडूनच घेतो.

आधी पहिल्याशी. डब्यावर ठळक छापलेला तो '३० एक्स' म्हणजे काय, तर लेन्सच्या सगळ्यात लांब टोकाला सगळ्यात रुंद टोकाने भागल्यावर येणारं उत्तर. ७२० मिमी भागिले २४ मिमी, झाले ३०. पाचवीचं गणित. समोरची वस्तू डोळ्याला दिसते त्याच्या तीस पट मोठी दिसेल असा त्याचा अर्थ अजिबात नाही. ५० मिमीची लेन्स साधारण डोळ्यासारखं दाखवते असं धरलं, तर हे प्रकरण जेमतेम चौदा पट भरतं. पण काउंटरवरचा पोरगा रस्त्यापलीकडच्या पाटीवर झूम करून दाखवतो आणि गिऱ्हाईक तिथेच गार.

बरं, खिशातल्या डबीत एवढी लांब लेन्स मावते कशी? सेन्सर बारीक करून. कॅननचा एसएक्स ७४० घ्या, २०१८ चं मॉडेल, ४० पट झूम, ९६० मिमीपर्यंत. त्यातला सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिमी, म्हणजे सुमारे २८ चौरस मिमी. करंगळीच्या नखापेक्षा लहान. त्यावर २ कोटी पिक्सेल कोंबलेत, एकेक पिक्सेल सुमारे १.२ मायक्रॉनचा. आता पूर्ण झूम करा. लेन्सचं तोंड एफ ३.३ वरून एफ ६.९ वर येतं, म्हणजे प्रकाश पावपटीहून कमी. शिवाय एफ ६.९ ला प्रकाशाचा एक ठिपका सेन्सरवर सुमारे नऊ मायक्रॉनचा पसरतो. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, कुठल्याही कंपनीचा दोष नाही. १.२ मायक्रॉनचा पिक्सेल आणि नऊ मायक्रॉनचा ठिपका! त्या टोकाला २० मेगापिक्सेल हा आकडा फक्त डब्यावर छापायच्या कामाचा उरतो.

मग हे कॅमेरे टाकाऊ का? मुळीच नाही. इथे दुसऱ्या मित्राची पाळी येते.

रात्रीच्या फोटोत फोन जिंकतो, हे आधीच कबूल करून टाकतो. महागड्या फोनचा मुख्य सेन्सर या झूम कॅमेऱ्यांच्या दुपटीहून मोठा असतो, आणि वर चार-पाच फ्रेम एकत्र करायचं सॉफ्टवेअर. फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो, तिथली रात्रीची रोषणाई आणि पाळणे काढायचे असतील तर छोटा झूम कॅमेरा घरी ठेवा. जिंतूरजवळ नेमगिरीच्या जैन लेण्यांतल्या अंधारातही तो रडतो.

पण झूम? बहुतेक फोनची खरी भिंगाची झेप तीन पट, पाच पट, इथे संपते. पुढे जे चालतं ते आधी कापाकापी होतं आणि आता चक्क चित्रकला झालंय. मार्च २०२३ मध्ये सॅमसंगच्या चंद्राचा बोभाटा झाला होता, आठवतंय? एकाने मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राचं चित्र मॉनिटरवर लावून फोनने फोटो काढला, आणि मूळ चित्रात नसलेले तपशील फोटोत उमटले. २०२५ मध्ये गुगलने तर पिक्सेल १० प्रो मध्ये ३० पटीच्या पुढच्या झूमसाठी जनरेटिव्ह मॉडेल वापरतो असं स्वतःच सांगून टाकलं. प्रामाणिकपणा आवडला आपल्याला. पण याचा अर्थ काय होतो ते बघा.

गंगाखेड तालुक्यात गोदाकाठी धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर आहे, बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरींची शिल्पं. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला जुनी मंदिरं आहेत आणि एक उंच कोरीव दगडी स्तंभ. अशा ठिकाणी जमिनीवर उभं राहून वरचं कोरीव काम टिपायचं तर लांब भिंग लागतंच. मूर्तीचा हात तुटलाय की झिजलाय, हातात आरसा आहे की आणखी काही, चेहरा शिल्लक आहे की नाही, हे फोटोत जसं आहे तसं यायला हवं. फोनचं मॉडेल मात्र जगभरच्या लाखो फोटोंवरून 'इथे बोटं असतील' असा अंदाज बांधून बोटं काढून देतं. तुटलेल्या हाताला बोटं! वेरूळ-अजिंठ्याचे लाखो फोटो निघालेत, तिथे एखादा खोटा निघाल्याने फरक पडत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या कोपऱ्यातल्या मूर्तीचा आख्ख्या नेटवर एखादाच फोटो असतो, आणि दहा वर्षांनी कुणी दगड किती झिजला हे तपासायला बसलं तर तोच पुरावा. भिंगाचा फोटो मऊ असेल, दाणेदार असेल, पण तो बोटं लावत नाही.

आणि अशा कामाला लागणारा प्रकाश परभणीत फुकट आहे. दहा महिने रणरणतं ऊन. बारीक सेन्सर अंधारात केविलवाणा दिसतो, पण मराठवाड्याच्या उन्हात सगळ्यात कमी आयएसओवर तो छान चालतो. येलदरी धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात पक्षी उतरतात, तेही टिपता येतात. फक्त सकाळी लवकर जा. दहानंतर तापलेल्या हवेची थरथर सुरू झाली की दोन लाखांची लेन्ससुद्धा बगळ्याचं पांढरं फडकं करून देते. (डीएसएलआर घे म्हणणाऱ्यांना एकच प्रश्न: मागच्या वेळी एसटीने गावी जाताना तो सोबत नेला होतात का?)

कंपन्यांचा राग येतो तो वेगळ्याच कारणासाठी. २०१० मध्ये जगभरात दहा कोटींवर कॉम्पॅक्ट कॅमेरे रवाना झाले होते, २०२३ मध्ये वीस लाखसुद्धा नाहीत. धंदा बसला, मान्य. पण म्हणून नेमकी कामाची गोष्ट कापायची? पॅनासॉनिकच्या टीझेड ९५ ला २०१९ मध्ये डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर होता. २०२५ मध्ये टीझेड ९९ आला, यूएसबी-सी मिळालं, व्ह्यूफाइंडर गेला. एप्रिलमध्ये दुपारी एक वाजता आमच्याकडे उघड्यावर उभं राहून मागच्या स्क्रीनवर काय दिसतं ते बघा एकदा. स्वतःचं तोंड दिसतं. शिवाय ७२० मिमीला हात लांब करून कॅमेरा धरला की पक्षी फ्रेममध्ये ठरत नाही. डोळ्याला टेकवला की ठरतो. एसएक्स ७४० मध्ये तर व्ह्यूफाइंडर नाही आणि रॉ फाइलही नाही.

म्हणून मित्राला माझा सल्ला: आकडा दहावर आण. एक इंचवाल्या सेन्सरचं क्षेत्रफळ ११६ चौरस मिमी, बारक्याच्या चौपट. पॅनासॉनिक टीझेड १०० (२०१६) २५ ते २५० मिमी, सोनी आरएक्स १०० चा सहावा अवतार (२०१८) २४ ते २००. दोघांनाही व्ह्यूफाइंडर, दोघांतही रॉ. मूर्तींना २५० पुरतं, वर फोटो कापायलाही जागा उरते. पक्षीच हवे असतील तर मात्र टीझेड ९५ सारखा बारक्या सेन्सरवाला, आणि तोही उन्हातच. (पॅनासॉनिकच्या भिंगावर लायका हे जर्मन नाव असतं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या गावात याचा भाव वाढतो, पण भिंग पॅनासॉनिकच बनवते.)

सेकंड हँड घेणार असाल तर धूळ तपासा. या सगळ्याच कॅमेऱ्यांची नळी आत-बाहेर होते आणि पंपासारखी हवा ओढते. आमच्या काळ्या मातीची बारीक धूळ एकदा सेन्सरवर बसली की कॅमेरा खोलल्याशिवाय निघत नाही. दुकानाबाहेर या, एफ ८ लावा, पूर्ण झूम करून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. राखाडी डाग दिसले तर किंमत पाडू नका, सरळ परत द्या.