वीजबिल गच्चीवर तयार होते

एप्रिल महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या सात मजली इमारतीच्या गच्चीवर अनवाणी जाऊन पाहावे. हवा गार झालेली असते, गंगापूर धरणाच्या बाजूने वारा सुटलेला असतो, पण पायाखालचा स्लॅब अजून चांगलाच तापलेला असतो. दिवसभर प्यालेले ऊन तो रात्रभर खाली सोडत राहतो. त्याच्या खाली सातव्या मजल्यावरचे कुटुंब खिडक्या लावून, एसी चालू करून झोपते. बाहेरचा गारवा फुकट आहे आणि आतला पैसे मोजून आणावा लागतो, ही नाशिकसारख्या शहरात शोभणारी गोष्ट नाही.

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर आहे. एप्रिलमध्ये दुपारी पारा ३८ अंशांवर जातो, पण पहाटे तो विशीच्या आसपास उतरलेला असतो. जानेवारीत नाशिककर दहा अंशांखालची पहाट अनुभवतात, जिल्ह्यातल्या निफाडला तर त्याहून कडाक्याची. द्राक्षांमुळे या जिल्ह्याची तुलना भूमध्य सागराकाठच्या प्रदेशांशी होते. तुलना पुरती जुळत नाही. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि द्राक्षे सप्टेंबरच्या सुमाराला उतरतात. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने वेगळे आणि वाइनच्या द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते मार्चचा. पण कोरडा उन्हाळा, तापलेला दिवस, उतरणारी रात्र आणि मोजक्या दिवसांची थंडी एवढे दोन्हीकडे सारखे आहे. अशा हवेत घर सुखाचे ठेवायला फार वीज लागू नये.

तिकडच्या लोकांनी ते शतकानुशतके साधले. ग्रीसच्या बेटांवर घरांना चुना फासला जातो, आणि स्पेनच्या दक्षिणेत दुपारी खिडकीच्या बाहेरच्या झडपा बंद होतात. आपल्या जुन्या नाशकातल्या वाड्यांनीही तेच केले: जाड भिंती, मधला चौक, बेताच्या खिडक्या आणि वैशाखात दारावर पाणी मारलेल्या वाळ्याच्या ताट्या.

आता गंगापूर रोडवर काय उभे राहते ते पाहा. मायव्हान पद्धतीच्या सहा इंची काँक्रीट भिंती. तेवढ्याच जाडीच्या विटेच्या भिंतीच्या मानाने काँक्रीटमधून उष्णता बरीच जास्त आत येते. सिपोरेक्सच्या ठोकळ्यांची भिंत तर विटेपेक्षाही कितीतरी चांगली, कारण तिच्यात हवेचे बारीक कप्पे असतात. पश्चिमेच्या बाल्कनीला छतापर्यंत सरकती काच. वरचा छज्जा अरुंद किंवा गायबच. काचेतून ऊन एकदा आत आले की आतला जाड पडदा फारसा उपयोगाचा नाही, कारण उष्णता खोलीत शिरलेली असते. ऊन अडवायचे तर काचेच्या बाहेर अडवावे लागते: छज्ज्याने, चिकाने, बांबूच्या पडद्याने. आणि रहिवासी असा पडदा लावू म्हणाला की सोसायटीकडून उत्तर येते, ‘एलिव्हेशन खराब होते.’ इमारतीच्या दर्शनी रूपासाठी आतल्या म्हाताऱ्या माणसांनी उकाडा सोसायचा, हे मला कोणत्याही दृष्टीने पटत नाही.

ज्याने भिंत आणि काच ठरवली तो इमारत विकून मोकळा होतो, आणि बिल पुढची चाळीस वर्षे राहणारा भरतो. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. शंभर युनिटांपर्यंतच्या दरापेक्षा १०१ ते ३०० या टप्प्याचा दर दुपटीहून जास्त, त्यापुढचे आणखी चढे, आणि वर १६ टक्के वीजशुल्क. म्हणून घरात वाचलेले युनिट हे नेहमी त्या घरातले सर्वांत महागडे युनिट असते. चार जुने ७५ वॅटचे पंखे काढून ३० वॅटचे बीएलडीसी पंखे बसवले आणि ते रोज पंधरा तास फिरले, तर महिन्याला ८० युनिटे वाचतात. एसी घेण्याआधी हे करावे. एसी लागलाच तर तो २४ अंशांवर ठेवून वर पंखा लावावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने वाढवलेल्या एकेका अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत नाशिकला कूलर उत्तम चालतो आणि दोनशे वॅटच्या आतबाहेर वीज घेतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी. खोली बंद करून कूलर लावला की दमट उकाडा होतो आणि दोष कूलरला दिला जातो. जूनचे ढग आले की त्याचे काम संपले.

थंडीचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. डिसेंबरात दोन हजार वॅटचा रूम हीटर तीन तास लावला की रोजची सहा युनिटे, महिन्याची १८०. हीटर कोणत्याही कंपनीचा असो, तेलाचा असो की कांडीचा, एका युनिटातून एका युनिटाचीच ऊब मिळते. ‘हॉट अँड कोल्ड’ एसी ऊब निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो; त्यामुळे एका युनिटात तीन युनिटांची ऊब देतो. बाहेर बर्फ पडत असेल तिथे त्याची दमछाक होते. नाशिकच्या दहा-बारा अंशांत त्याचे काम चांगले होते. तेच १८० युनिटांचे काम साठात. एसी नव्याने घ्यायचाच असेल त्याने दुकानात हा प्रकार आवर्जून मागावा. भूमध्य सागराकाठच्या अनेक घरांत हिवाळा-उन्हाळा दोन्ही या एकाच यंत्रावर निघतात. अंघोळीच्या पाण्यासाठी आपल्या निरभ्र हिवाळ्यात सौर बंबाला तोड नाही.

ही वीज येते कुठून, तेही शहराने विसरू नये. एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र शहराच्या कडेलाच कोळसा जाळते आहे.

विजेची ही गरज छतापासूनच कमी करता येते. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे, म्हणजे ऊन परतवणाऱ्या छतांचे, धोरण जाहीर केले. अहमदाबादने त्याआधीच, २०१७ पासून, गरीब वस्त्यांच्या छतांना पांढरा रंग देण्याचे काम हाती घेतले. नाशिक महापालिकेने बांधकाम परवानगी देताना निदान दोन गोष्टी तपासाव्यात: गच्चीवर पांढरा थर आणि पश्चिमेच्या काचेवर सावली. पूर्वी ब्रिकबॅट कोब्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवत, तेही चालेल. केंद्र सरकारने २०२० च्या जानेवारीपासून नव्या एसींना २४ अंश हे मूळ तापमान ठरवून दिले. यंत्राला शिस्त लावता येते, तर यंत्राची गरज वाढवणाऱ्या भिंतीलाही लावता यायला हवी.

उभ्या असलेल्या इमारतींना मात्र महापालिकेची वाट पाहायची गरज नाही. फेब्रुवारीत गच्ची धुऊन चुन्याचे दोन हात द्यावेत. शिवाय ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपयांचे अनुदान आहे. सौर पॅनेल वीज देतातच, आणि खालच्या स्लॅबवर सावलीही धरतात. गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. या वर्षीच्या सभेत दोन ठराव मांडा: गच्चीला चुना, आणि खिडकीबाहेर पडदा लावण्याची मुभा. वरच्या मजल्यावर राहत नसाल, तरी मांडा.