प्रयोगशाळेवरचा कर कोणाच्या मुळावर?



कल्याण, डोंबिवली, ठाण्याहून लोकल पकडून मुंबईच्या प्रयोगशाळांत पीएचडीसाठी जाणाऱ्यांत आज आपलीही मुलेमुली आहेत. म्हणून जीएसटी हा केवळ व्यापाऱ्यांचा विषय आहे, असे म्हणून आपल्याला गप्प बसता येणार नाही.

विद्यापीठे आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर ५ टक्के सवलतीचा जीएसटी होता. १८ जुलै २०२२ पासून ती सवलत गेली आणि बहुतेक उपकरणांवर १८ टक्के कर आला. हिशेब करा. १० लाखांच्या यंत्रावर पूर्वी ५० हजार कर, नंतर १ लाख ८० हजार. फरक १ लाख ३० हजारांचा. केंद्राची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना ३७ हजार धरली, तर एका संशोधकाचे साडेतीन महिन्यांचे विद्यावेतन करात गेले. सरकार एका हाताने अनुदान देते आणि दुसऱ्या हाताने त्यातलेच काढून घेते.

हा भुर्दंड सगळ्यांना सारखा बसत नाही. नामांकित संस्थांना उद्योगांचे प्रकल्प आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या मिळतात. राज्य विद्यापीठाच्या विभागात मात्र रसायने कमी मागवली जातात, बंद पडलेले यंत्र तसेच राहते, संशोधन लांबते. घरी पैसा असलेला थांबू शकतो. ज्याच्या कमाईकडे घर डोळे लावून बसले आहे, तो पीएचडी सोडून मिळेल ती नोकरी धरतो. आरक्षणाने उघडलेले दार असे कराने बंद होते.

यावर उत्तर दिले जाते की नवा निधी येतो आहे. २०२३ च्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनसाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी जाहीर झाले. पण त्यातले सुमारे ३६ हजार कोटी उद्योग, देणगीदार अशा सरकारी तिजोरीबाहेरील स्रोतांतून अपेक्षित आहेत. उल्हास नदीच्या प्रदूषणावर किंवा सफाई कामगाराच्या फुप्फुसांवर संशोधन व्हावे म्हणून कोणता कारखानदार पैसे काढेल?

आवाज उठवला तर धोरण बदलते. संशोधन अनुदानावरील जीएसटीबद्दल दिल्ली आयआयटीला १२० कोटींची नोटीस गेली, ओरड झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने अशा अनुदानांना सूट दिली. आपल्या विद्यापीठांसाठी ओरडणार कोण?

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते. पैशाअभावी संशोधन थांबणे म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको. सार्वजनिक संशोधन संस्थांच्या उपकरणांवरील सवलत परत द्या, ही मागणी आपल्या मोर्चांच्या निवेदनांत आली पाहिजे. आपल्या आमदार-खासदारांना हा हिशेब विचारा.

जय भीम! जय संविधान!