झेरॉक्स म्हणालो होतो, शब्द मागे घेतो

हॉस्टेलमध्ये रूमबरोबर काय काय वारशात मिळतं ते तुम्हाला सांगायला नको. तुटका टेबल फॅन, भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले लॅप्लासचे फॉर्म्युले, पलंगाखाली कान तुटलेली बादली. आम्हाला फर्स्ट इयरला या सगळ्याशिवाय एक जुनी हार्डडिस्कही मिळाली. कधीच पास आउट झालेल्या कुठल्या तरी सीनियरची. ती कोणी घरी नेत नाही, पुढच्या बॅचला देऊन जातात. तिच्यात अर्धे सिनेमे करप्ट, प्रोजेक्ट रिपोर्ट चोरून चोरून चपटे झालेले, आणि ‘इंडी’ नावाचा एक फोल्डर. त्यात द स्ट्रोक्स या बँडचे पहिले दोन अल्बम होते.

आता नेटवर सगळं फुकटात ऐकायला मिळत असताना हार्डडिस्क कशाला, असं विचारू नका. परीक्षेच्या दिवसांत हॉस्टेलचं वायफाय कसं चालतं हे रेक्टर सरांनाही माहीत आहे.

ज्यांनी हा बँड ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कची पाच पोरं. ज्युलियन कॅसाब्लांकास गातो आणि गाणी लिहितो, निक व्हॅलेन्सी आणि आल्बर्ट हॅमंड ज्युनियर गिटारवर, निकोलाय फ्रेचर बेसवर, फॅब्रिझिओ मोरेटी ड्रम्सवर. २००१ साली त्यांचा पहिला अल्बम आला, ‘इज धिस इट’. तळघरातल्या छोट्या स्टुडिओत केलेला, आवाज मुद्दाम खरखरीत ठेवलेला. गाणारा छोट्या प्रॅक्टिस अॅम्पमधून गातोय, त्यामुळे तो फोनवरून ओरडल्यासारखा वाटतो. पण गाणी अशी की ऐकणारे वेडे झाले. रॉक संपलं म्हणणाऱ्यांनी शब्द गिळले. नंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००३ मध्ये दुसरा अल्बम आला, ‘रूम ऑन फायर’. आणि बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य होतं, “अरे, हे तर तेच आहे!”

(त्यांना इंडी म्हणावं का यावर हॉस्टेलमध्ये रात्री दोनपर्यंत भांडण होऊ शकतं. ब्रिटनमध्ये त्यांच्या रेकॉर्ड रफ ट्रेड या स्वतंत्र कंपनीने काढल्या, पण अमेरिकेत आरसीए, म्हणजे चांगली दांडगी कंपनी. माझ्या मते इंडी हा आता हिशोबाचा शब्द राहिला नाही, आवाजाचा झालाय. पुढे चला.)

तर, “हे तर तेच आहे” असं म्हणणाऱ्यांमध्ये मीही होतो. आणि हा लेख लिहायचं कारण तेच आहे.

फर्स्ट इयरच्या गॅदरिंगला आमचा चौघांचा बँड स्टेजवर चढला होता. दोन गिटार, मी बेसवर, आणि ड्रमर. पैकी लीड गिटारवाला माझा रूम पार्टनर. तीन हिंदी गाणी आणि शेवटी पहिल्या अल्बममधलं ‘लास्ट नाइट’. कुणाला शब्द कळले नाहीत, पण मागच्या रांगेतले मेकॅनिकलवाले खुर्च्यांवर उभे राहिले. नंतर आठवडाभर मेसमध्ये काका आम्हाला जास्तीची पोळी वाढत होते. प्रसिद्धी म्हणतात ती हीच.

सेकंड इयरला प्रश्न आला, आता काय? लीड म्हणाला, “काही बदलायचं नाही. तेच चौघं, तशीच गाणी, फक्त जास्त चांगली वाजवू. ‘रेप्टिलिया’ बसवू.” रेप्टिलिया म्हणजे ‘रूम ऑन फायर’मधलं दुसरं गाणं. मी म्हणालो, “येड्या, तो अल्बम पहिल्याची झेरॉक्स आहे आणि तू आपली पण झेरॉक्स काढायला निघालायस. लोक म्हणतील यांच्याकडे नवीन काही नाही.” मग मतदान घेतलं, त्याच्या विरुद्ध तीन. बासरीवाला आणला, कीबोर्ड आणला, सात मिनिटांचं फ्यूजन केलं. त्या सात मिनिटांबद्दल मी जास्त लिहीत नाही, ज्यांनी पाहिलं ते अजून विसरले नसतील. चौथ्या मिनिटाला लाइट गेले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, एवढं पुरे. लीडने दुसऱ्या दिवशी गिटार घरी नेऊन ठेवली आणि सेमिस्टर संपल्यावर रूम बदलली.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. मधल्या काळात मी एकट्याने रेप्टिलियाचा बेस शिकायला घेतला. का, ते माहीत नाही. बहुतेक अपराधी वाटत होतं.

आणि तेव्हा माझी चूक कळली. ऐकताना हे गाणं सोपं वाटतं. सुरुवातीला बेस आणि ड्रम्स, मग त्यावर गिटार येऊन बसते. बेसला काम काय, तर एकाच लयीत ठोकत राहणं. पण वेग मिनिटाला दीडशे ठोक्यांच्या वर, आणि प्रत्येक ठोक्यात दोन स्वर! पहिले चार दिवस मनगट धरून बसलो होतो. जरा पुढे गेलात की गाणं सांडतं, जरा मागे राहिलात की झोपतं. या गाण्याच्या व्हिडिओत कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ त्यांच्या बोटांवर, तोंडांवर आणि वाद्यांवर खिळलेला आहे. शिकणाऱ्यासाठी सोन्याची खाण. त्यात दिसतं की दोन्ही गिटारवाले एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. एक जण जागा सोडतो आणि दुसरा बरोब्बर तिथेच वाजवतो. पहिल्या अल्बममध्येही हे होतं, पण तिथे कुठे कुठे नशिबाने जमल्यासारखं वाटतं. इथे तसा एकही सांधा मला सापडला नाही.

मग कान देऊन सगळा अल्बम ऐकला. ‘१२:५१’ या गाण्यात जो कीबोर्ड वाजतो, तो कीबोर्ड नाहीच! ती निकची गिटार आहे, आवाज तसा काढलाय. मी वर्षभर पैजेवर सांगत होतो की सिंथ आहे. ‘ऑटोमॅटिक स्टॉप’मध्ये गिटार रेगेसारखी उलट्या ठोक्यावर पडते. ‘अंडर कंट्रोल’ तर जुन्या सोल गाण्यांसारखं संथ, पावसाळी. असलं गाणं पहिल्या अल्बममध्ये दाखवा मला. म्हणजे बदल आहेत, पण घर तेच ठेवून आतलं सामान हलवलंय, आणि आपण फक्त दारावरची पाटी वाचून परत फिरलो.

सगळंच भारी आहे असं म्हणत नाही. ‘द वे इट इज’ मी अजूनही पुढे ढकलतो. ‘यू टॉक वे टू मच’ ठीकठाक. पण अकरा गाणी, जेमतेम तेहतीस मिनिटं, त्यात एवढं चुकलं तर माफ.

एक गोष्ट मात्र मला खूप उशिरा कळली. त्यांनाही बदलायचा मोह झालाच होता. दुसऱ्या अल्बमसाठी आधी त्यांनी नायजेल गॉडरिचबरोबर काम सुरू केलं. रेडिओहेडचा ‘ओके कॉम्प्युटर’ ज्याच्या हातून झाला तो हाच माणूस. आपल्यासारख्याने तर त्याचे पाय धरले असते. पण सूर जुळेनात. ते सगळं बाजूला ठेवून हे पुन्हा पहिल्या अल्बमच्या गॉर्डन राफाएलकडे गेले. जगभर नाव झालंय, कंपनीचे डोळे लागलेत, आणि तुम्ही म्हणता की नको, आमचा जुनाच माणूस बरा. याला भित्रेपणा म्हणा हवं तर. मी तसंच म्हणायचो. आता वाटतं, आपल्याला काय चांगलं येतं हे बाविशी-पंचविशीत ओळखायला जास्त हिंमत लागते. आम्हाला तर बासरीवाल्याला नाही म्हणता आलं नाही.

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमधलं फिटिंग आठवा. माझा पहिला जॉब बरा बसला होता, दोन्ही तुकडे एकमेकांत गेले, उजेड दिसत नव्हता. मी खुशीत. सर म्हणाले, “आता हाच परत करून दाखव.” मला वाटलं, मार्क कापायचा डाव आहे. दुसरा जॉब घासताना कळलं की पहिला कसा जमला होता हे मला माहीतच नव्हतं. कुठे फाइल जास्त लागली, कुठे हात थांबला, काही नाही. दुसऱ्या वेळी सगळं जाणून करावं लागतं. आणि बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? तोच जॉब!

आमचे आजोबा दर डिसेंबरला पुण्याला सवाई गंधर्वला जायचे. वर्षानुवर्षं त्याच गायकाकडून तोच राग ऐकून आले आणि प्रत्येक वेळी घरी येऊन म्हणाले, यंदा काय लागला होता! त्यांना कधी कुणी झेरॉक्स ऐकता का असं विचारलं नाही. हा मुद्दा मी आमच्या ड्रमरला सांगितला तर तो म्हणाला, “राग दर वेळी तिथल्या तिथे नवा होतो, अल्बम एकदा छापला की छापला.” बरोबर आहे त्याचं. मला अजून उत्तर सापडलेलं नाही. पण नवं गाणं करताना जुनी चौकट ठेवणं म्हणजे आळस, हे काही मी आता मानणार नाही.

आकड्यांचं म्हणाल तर पहिला अल्बम अमेरिकेत ३३ व्या नंबरपर्यंत गेला होता आणि दुसरा थेट ४ वर. यावरून दुसरा चांगला असं सिद्ध होत नाही, रांगेतले लोक पहिल्याच्या नावावर आले होते हे उघड आहे. खरी गंमत पुढे. २००६ च्या सुरुवातीला तिसरा अल्बम आला, ‘फर्स्ट इम्प्रेशन्स ऑफ अर्थ’. निर्माता बदलला, आवाज चकचकीत झाला, गाणी चौदा आणि लांबी पन्नास मिनिटांच्या वर. “तेच तेच” म्हणणाऱ्यांना जे हवं होतं ते मिळालं. ‘ज्यूसबॉक्स’ आणि ‘यू ओन्ली लिव्ह वन्स’ मलाही आवडतात, पण अर्ध्यानंतर मी घड्याळ बघतो. त्याच लोकांनी मग काय म्हणावं? “पहिल्यासारखं राहिलं नाही.” घ्या! पुढे २०२० च्या ‘द न्यू अॅबनॉर्मल’ला ग्रॅमी मिळालं, तेव्हा हेच लोक म्हणाले असतील, आम्ही आधीपासूनच ऐकतो.

आता शेवटचं. हार्डडिस्कवरच्या त्या फोल्डरमध्ये ‘रूम ऑन फायर’ची दहाच गाणी होती, अकरावी फाइल कुणीतरी उडवली होती. दहावं गाणं आहे ‘दी एंड हॅज नो एंड’. त्यामुळे आम्ही दोघं दोन वर्षं समजत होतो की अल्बम तिथेच संपतो, आणि नाव किती बरोब्बर ठेवलंय म्हणून खूश होतो. अकरावं गाणं असतं, ‘आय कान्ट विन’, हे मला गेल्या महिन्यात कळलं. जेमतेम अडीच मिनिटांचं आहे. अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याचा बेस मी बसवलाय, रेप्टिलियाचाही. ड्रमर तयार आहे, दुसरा गिटारवालाही हो म्हणालाय. यंदा चौघंच असायला हवेत, पण एक जण कमी पडतोय. तो मॅगझिन हातात आलं की आधी शब्दकोडं सोडवतो, त्यामुळे संपादकांना विनंती केली आहे की हा लेख शब्दकोड्याच्या शेजारच्या पानावर छापा. बुधवारी रात्री नऊ वाजता, ड्रॉइंग हॉलच्या मागे. अॅम्प मी आणतो.